निळ्या नाडीचा पेनड्राइव्ह

३ मार्च, सोमवार

“तुम्ही कुणाला काही विचारत नाही वहिनी, म्हणून तुम्हाला कुणी काही सांगत नाही.”

माझी नणंद हे एकोणीस वर्षांपूर्वी म्हणाली होती, आणि हसत म्हणाली होती. माझ्या लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. कपाटावर एक पांढरं कापड घडी घालून ठेवलेलं दिसलं, मी त्याचे चार उशांचे अभ्रे शिवून टाकले. ते तिच्या ड्रेससाठी आणलेलं होतं. ती पोट धरधरून हसली, सासूबाईही हसल्या.

आज सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, गोल गोल फिरतं, काळोख होतो, पुन्हा चिन्ह येतं. वीस वेळा झालं. आत चौदा मापांचे साचे आहेत. रुग्णांच्या गाउनचे, लहान मुलापासून अगदी स्थूल माणसापर्यंत. तीन महिन्यांचं काम, आणि वीस तारखेला शिवणकारखान्यात द्यायचं आहे. दुसरीकडे कुठेही प्रत नाही.

ते वाक्य म्हणणारी बाई खालीच राहते आणि एका कॉलेजात दिवसभर हेच काम करते. कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळते, बंद पडलेली यंत्रं चालू करते. आमच्यामध्ये सोळा पायऱ्या आहेत. अकरा महिन्यांत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही.

मी विचारणार नाही.

४ मार्च, मंगळवार

कॉम्प्युटर उचलून रिक्षाने दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने मागचं झाकण न उघडताच निदान केलं. “ताई, सिस्टीम उडालीय. साफ करून नवी टाकून देतो.”

“आतलं?”

“आतलं जाईल. म्हणून तर साफ म्हटलं.”

मी म्हटलं, मला आतलंच हवंय, बाकी कॉम्प्युटर तुम्ही ठेवून घ्या. तर म्हणाला, मग दहा-बारा दिवस लागतील, नंबर आहेत. आणि वर, “घरात कुणी जाणकार नाही का? पेनड्राइव्हवरून वेगळी सिस्टीम चालू करायची, आतलं उचलायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“नाही,” मी म्हटलं. “घरात कुणी नाही.”

परत आले तर जिन्यातल्या स्विचबोर्डवर नवा कागद. “चपला जिन्यात काढू नयेत. पाय अडकतो.” सही नाही. आम्ही सही करत नाही. मीटर, मेन स्विच, पाण्याचा मुख्य नळ आणि पत्रपेटी एवढं दोघींत सामाईक आहे, आणि या कागदांचा खिळा. मी कॉम्प्युटर छातीशी धरून वर चढत होते. तिचं दार किलकिलं होतं. मी दिसले आणि लागलं. धाडकन नाही, हळूच. ते जास्त लागतं.

६ मार्च, गुरुवार

कटिंग मास्तरांचा फोन. “बाई, साचे येतायत की साच्यांचा नुसता वासच?”

खरं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, “कॉम्प्युटर गेला हे मला गेल्या वर्षी तिघांनी सांगितलंय. त्यातल्या एकाचे तर आजोबा दोनदा गेले.”

“मास्तर, मी वीस तारीख चुकवणार नाही.”

“चुकवा हो. माझ्याकडे जुना साचा आहेच. सरळ बाही, पाठीमागे गाठ. वीसला तुमचं आलं नाही तर एकवीसला तोच टेबलावर टाकणार आणि कात्री चालवणार. पुन्हा तुमचं ते खांद्याचं प्रकरण घेऊन येऊ नका.”

खांद्याचं प्रकरण! माझ्या गाउनला खांद्यावर उघडता येतं, दोन्ही बाजूंना नाड्या आहेत. हात वर न करता अंगात घालता येतो. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. सासूबाईंची उजवी बाजू गेली तेव्हा सरळ बाहीतून तो हात घालताना त्या ओठ चावायच्या. ओरडायच्या नाहीत. एक दिवस मी कात्री घेतली आणि खांदा उघडला. पहिला गाउन निळ्या सुती कापडाचा. कॉम्प्युटरवरचा पहिला साचाही तोच.

मास्तरांना ‘प्रकरण’ वाटतं.

९ मार्च, रविवार

नवऱ्याचा जहाजावरून फोन. आवाज मागून येतो, आपण बोललेलं त्याला पोचेपर्यंत तो पुढचं बोलतो. सगळं सांगितलं.

“मग तिला विचार ना.”

“मरेन, पण विचारणार नाही.”

“अगं, साचे तुझेच जातील. तिचं काय जाणारे?”

“तेच तर! तिचं काय जाणारे!”

 मग तो नेहमीचं बोलला: तुम्ही दोघी बघून घ्या. बायको आणि बहीण यांच्यात तो असा उभा राहतो, हजार मैलांवर.

इथे लिहायला हरकत नाही, इथे कुणी वाचत नाही. अडीच वर्षं मी सासूबाईंचं केलं. दिवसा मी, संध्याकाळी ती. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी पाठ गेली. मला वाकता येईना, त्यांना कुशीवर वळवता येईना. ती प्रशिक्षणासाठी पाच दिवस परगावी होती. शुश्रूषा केंद्रात एक खाट रिकामी झाली, त्यांनी दुपारपर्यंत उत्तर मागितलं. मी हो म्हटलं. विचारायला वेळ कुठे होता? फोन होता म्हणा. पण ती फोनवर रडली असती, मग मी काय केलं असतं?

एकोणिसाव्या दिवशी सासूबाई तिथेच गेल्या. नणंद दारात उभी राहून म्हणाली, “माझ्या आईला पाठवताना तुम्ही मला एक फोन केला नाहीत.” बस्स. त्यानंतर कागद.

दोषी कोण ते सगळ्यांनी ठरवून टाकलंय. पाठ कुणी विचारली नाही.

१० मार्च, सोमवार

फोनवर व्हिडिओ पाहिले. एक माणूस भराभर बोलतो आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘सिम्पल’ म्हणतो. मला समजलं ते इतकं: इंटरनेटवरून एक मोठी फाईल उतरवायची, त्यात आख्खी सिस्टीम असते. ती पेनड्राइव्हवर घ्यायची. कॉम्प्युटर आपल्या डिस्कऐवजी त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. मग आपली डिस्क नुसती कपाटासारखी उघडते, आतलं बाहेर काढता येतं.

माझा पेनड्राइव्ह साचे पोचवण्याचा आहे, दोन जीबीचा. ती फाईल तीन जीबीच्या वर.

संध्याकाळी जिन्याच्या खिळ्याला एक पेनड्राइव्ह लटकलेला दिसला. बत्तीस जीबी. त्याला निळी नाडी बांधलेली.

ती नाडी मी ओळखणार नाही? माझी टीप आहे, कडेला दुहेरी. सासूबाईंच्या पहिल्या गाउनची. तो गाउन मी अकरा महिने शोधतेय. कपाटं उलथीपालथी केली. म्हणजे तो हिने नेला, आणि त्याची नाडी उसवून किल्लीला बांधावी तशी याला बांधली! माझ्या नाकासमोर टांगायचं आणि वर काही बोलायचं नाही.

मी कागद लावला. “वैयक्तिक वस्तू सामाईक जागेत ठेवू नयेत.”

१२ मार्च, बुधवार

पेनड्राइव्ह तिथेच. कागद मात्र नीट चौकोनी घडी करून माझ्या दारात सरकवलेला.

हा उद्धटपणा कुठे शिकवतात?

१३ मार्च, गुरुवार

घेतला. तीन दिवस कुणी उचलत नाही ती वस्तू टाकाऊच. शिवाय नाडी माझी आहे.

मास्तरांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर असतो, त्यावर ते हजेरी लावतात आणि पत्ते खेळतात. तासभर मागून घेतला. “घ्या,” म्हणाले, “पण माझा डाव मोडू नका.”

पेनड्राइव्ह लावला. रिकामा नव्हता. कसले कसले इंग्रजी नावांचे फोल्डर, ‘boot’ आणि काय काय, आणि खाली एक मराठी नावाची छोटी फाईल: ‘आधी हे वाचा’. तिच्या प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी असणार. तिला सूचना लिहायची हौस आहे, जिना त्याला साक्ष आहे. मी उघडली नाही. दुसऱ्याचं वाचायची सवय मला नाही.

सगळं पुसून टाकलं. ‘या ड्राइव्हवरील सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचं?’ अशी पाटी आली तेव्हा एक क्षण बरं वाटलं, लपवत नाही. मग मोठी फाईल उतरवून त्यावर ठेवली.

१५ मार्च, शनिवार

घरी लावून पाहिला. चिन्ह, गोल, काळोख. चिन्ह, गोल, काळोख. पेनड्राइव्हकडे यंत्राने ढुंकून पाहिलं नाही.

व्हिडिओ पुन्हा लावला. ‘सिम्पल’ माणसाने चौथ्या मिनिटाला सांगितलेलं मी घाईत ऐकलंच नव्हतं: फाईल नुसती पेनड्राइव्हवर ठेवून चालत नाही, एका छोट्या प्रोग्रॅमने ती त्यावर मांडावी लागते. म्हणजे मी कापडाचा तागा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हा बघा गाउन.

पाच दिवस राहिले. खालून तिचा कुकर, तिचा रेडिओ, तिची खुर्ची सरकवल्याचा आवाज. तिला सगळं येतं आणि ती मजेत जेवतेय.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा मास्तरांकडे. आज त्यांचा पारा चढलेला होता. “बाई, तुम्ही साचे आणताय की माझ्याकडे नोकरी धरलीय?”

“तास द्या फक्त.”

“माझी चौतीस माणसं हात बांधून बसलीत, मी तुम्हाला तास देतोय. मी देवमाणूस आहे, लिहून ठेवा.”

लिहून ठेवलं.

तो छोटा प्रोग्रॅम घेतला. त्याने विचारलं, नव्या पद्धतीच्या यंत्रासाठी की जुन्या? आपलं काही जुनं म्हणवत नाही, मी नवं निवडलं. घरी आले, सुरू करताना F12 दाबत राहिले, कशावरून सुरू करायचं त्याची यादी आली, यादीत पेनड्राइव्हचं नावच नाही. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा आहे हे मला आठवायला हवं होतं. सासूबाईंनीच घ्यायला लावला होता. “हातानं किती रेघा ओढशील,” म्हणाल्या होत्या.

तशीच उलट पावली गेले. मास्तर खुर्चीवरून उठले आणि चहा प्यायला गेले. जुनं निवडलं. पट्टी हिरवी होत होत शेवटाला पोचली.

उद्या करणार. पण खालचा पाण्याचा हीटर दर मंगळवारी साडेअकराला फ्यूज उडवतो, तिची त्या दिवशी सकाळी सुट्टी असते. मध्येच वीज गेली तर काय बिघडेल ते मला माहीत नाही. कागद लावला: “उद्या अकरा ते दोन हीटर लावू नये.”

१८ मार्च, मंगळवार

सकाळी खाली गेले तर माझ्या कागदावर पेन्सिलने एक शब्द. “बरं.”

अकरा महिन्यांतलं पहिलं उत्तर, आणि किती कोरडं! कारण विचारावं, नाही म्हणावं, भांडावं. बरं!

अकराला बसले. F12. यादी. या वेळी पेनड्राइव्हचं नाव होतं. एंटर केलं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली, मग रंग आला, मग समोर दोन चौकोन. एकात लिहिलं होतं ‘वापरून पाहा’, दुसऱ्यात ‘इन्स्टॉल करा’. एकाने साचे परत मिळणार, दुसऱ्याने कायमचे जाणार, आणि दोन्ही चौकोन सारखेच दिसत होते.  वाटलं, आत्ता मागे कुणी उभं असतं आणि नुसतं म्हणालं असतं, डावीकडचा.

डावीकडचा दाबला.

डिस्क उघडली. माझे फोल्डर, माझी नावं. वर सगळ्यांत जुनी फाईल, दोन वर्षांपूर्वीची तारीख: ‘आई – उजवा खांदा’. तीच आधी उचलली. मग एकेक करून चौदाही मापं माझ्या छोट्या पेनड्राइव्हवर घेतली. मोजली. पुन्हा मोजली.

या सगळ्यात एकदाही दिवा लुकलुकला नाही. खाली अगदी चिडीचूप. रेडिओही नाही. बाहेर गेली असेल म्हणावं तर दीड वाजता उतरले तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली होती, मेन स्विचखाली, हातात पुस्तक. मला बघून उठली आणि आत गेली. स्वतःच्या घरात बसायला जागा नसल्यासारखी जिन्यात का बसते, देव जाणे. थंड पाण्यानेच आंघोळ केलेली दिसत होती, केस ओले होते.

१९ मार्च, बुधवार

एक दिवस आधी साचे पोचवले. मास्तरांनी सगळे उघडून पाहिले, खांद्यावर बोट ठेवलं, हं म्हणाले. “शिंपीणबाईंनी घाम फोडला, पण साचा बरा आहे. आमच्या म्हातारीला असाच हवा होता.” मग लगेच, “आता माझा कॉम्प्युटर सोडा.”

एवढ्यावर हे पान संपायला हवं होतं.

पण झालं असं की दोन्ही पेनड्राइव्ह मी एकाच नाडीत ओवले होते आणि घाईत आधी चुकीचा लावला, मोठा. खिडकी उघडली. इंग्रजी नावांचे फोल्डर. ‘boot’ आणि काय काय. तीच नावं. त्याच क्रमाने. मला वाटलं, माझं पुसणं नीट झालंच नव्हतं, तिचा कचरा तसाच राहिलाय. मग तारखा पाहिल्या. सोमवारच्या. माझ्याच.

म्हणजे हे फोल्डर असे असतातच. मी आठवडाभर धडपडून जे मांडलं, ते त्या पेनड्राइव्हवर आधीच मांडलेलं होतं. खिळ्यावर लटकत होतं, दहा तारखेपासून. नवऱ्याशी बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून.

मी यादी खालपर्यंत पाहिली. सगळं होतं. ‘आधी हे वाचा’ नव्हतं.

“काय हो, गेले का साचे?” मास्तरांनी विचारलं. माझा चेहरा पाहून ते पहिल्यांदाच नीट बोलले असतील.

“नाही, साचे आहेत.”

२० मार्च, गुरुवार

मुलांसाठी नव्हती ती फाईल. मुलांच्या पेनड्राइव्हला कुणी आपल्या आईच्या गाउनची नाडी बांधत नाही.

काय असेल त्यात? ‘F12 दाबा, डावीकडचा चौकोन निवडा’ असेल. एवढंच असेल. किंवा मला जे अकरा महिने कुणी तोंडावर बोललं नाही ते असेल. मला काहीही चाललं असतं, हे आज कळतंय. मी पुसलं तेव्हा बरं वाटलं होतं, असं मीच वर लिहून ठेवलंय. ते पान फाडावंसं वाटलं, फाडलं नाही.

‘सिम्पल’ माणूस म्हणतो, एकदा वर नवीन लिहिलं की जुनं परत मिळणं जवळजवळ अशक्य. एखाद्या तज्ज्ञाला दाखवून पाहा. तज्ज्ञ कोण, ते मला माहीत आहे.

सकाळपासून कागद लिहितेय. पहिला: “पेनड्राइव्हवरील मजकूर काय होता ते कळवावे.” फाडला. दुसरा: “गैरसमजातून पुसले गेले.” फाडला. आपोआप नाही पुसलं गेलं. तिसऱ्यात पाठीचं दुखणं लिहायला लागले आणि तो पानभर झाला. तोही फाडला.

ती नाही म्हणेल. म्हणेल तरी कशाला, कागदाची चौकोनी घडी करून दारातून आत सरकवेल. तिच्या जागी मी असते तर दार उघडलं नसतं. तरी हा लिहिलाय. खिळ्याला लावणार नाही. खाली जाऊन तिचं दार वाजवणार आणि तिच्या हातात देणार, पेनड्राइव्हसकट.

“तुझा पेनड्राइव्ह मी तुला न विचारता पुसला. तू सगळं तयार करून ठेवलं होतंस, ते मला काल कळलं. नाडी तुझ्याकडेच राहू दे. ‘आधी हे वाचा’ मी वाचलं नाही. त्यात काय लिहिलं होतंस, ते वर येऊन मला सांगशील का?

– वहिनी”